उजेडाची फट

डॉक्टर बाहेर आले आणि माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. आम्ही समजलो. नलूताई, माझी थोरली नणंद, हृदयाच्या शस्त्रक्रियेतून परत आल्या नाहीत. त्याला आता काही आठवडे झाले. मला मात्र सारखी आठवते ती त्याच्या आधीची एक दुपार...

नलूताई कसबा पेठेत वाढल्या. तरुणपणी एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात नकाशे काढायच्या. येरवड्याकडची एक मशीद त्यांच्याच टेबलावर कागदावर उतरली. घुमट नाही, आत एकही खांब नाही, घडी घातल्यासारखं पांढऱ्या काँक्रीटचं छप्पर. छप्पर आणि पश्चिमेची भिंत यांच्यामध्ये उजेडासाठी एक लांब फट ठेवावी, ही सूचना नलूताईंची. साहेबांनी ती मानली. बाकीचे म्हणाले, तिथून पाणी गळणार. साइटवर वडिलांनी जाऊ दिलं नाही. मग लग्न झालं, धायरीचा संसार सुरू झाला. पण दर पावसाळ्यात त्या अस्वस्थ व्हायच्या. जाऊन विचारायचा धीर काही झाला नाही.

शस्त्रक्रिया ठरली आणि त्यांनी ती मशीद बघायचीच म्हणून हट्ट धरला. डॉक्टरांनी दगदग नको म्हणून सांगितलं होतं. मी परोपरीनं विनवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "भूल देताना डॉक्टर आकडे मोजायला लावतील, आणि माझ्या डोक्यात पाणी गळत असेल. त्यापेक्षा चल."

रिक्षात त्यांना धाप लागत होती. मी गोळ्यांची डबी मुठीत घट्ट धरून बसले होते. फाटकाशी माझे पाय अडले. बायकांना आत सोडतील का, कोण म्हणून सांगायचं... तिथली व्यवस्था बघणारे वयस्कर गृहस्थ पुढे आले. नमाजला अवकाश आहे, या, म्हणाले.

आत गेल्यावर नलूताईंनी मान वर केली आणि त्यांचा तोल गेला. ओठ काळसर दिसायला लागले. मी त्यांना कसंबसं सतरंजीवर बसवलं, गोळी दिली, अँब्युलन्ससाठी फोन काढला. त्यांनी माझं मनगट धरून मला थांबवलं आणि त्या गृहस्थांना विचारलं, "तिथून पाणी गळतं का हो?"

"गळायचं, ताई. पहिली काही वर्षं फार गळायचं. बुजवायचं ठरलंही होतं. पण आमचे वडील म्हणाले, उजेड राहू द्या, आपण खाली बादली ठेवू. पुढे वरून पारदर्शक पत्रा बसवला. आता नाही गळत."

नलूताईंनी माझं मनगट सोडलं. मग हळूच म्हणाल्या, "ती फट मी काढली होती."

गृहस्थ त्यांच्याकडे बघत राहिले. "मग बसा निवांत," एवढंच म्हणाले, आणि स्वतः जाऊन पाणी घेऊन आले. भिंतीवरून ऊन सरकत होतं. मी नलूताईंचे श्वास मोजत होते. त्यांचं लक्षच नव्हतं.

त्यांच्याकडून निघालं की घरी पोचल्यावर फोन करायचा, असा त्यांचा दंडक होता. उशीर झाला तर स्वतःच करायच्या, "पोचलीस का गं?" परवा धायरीला त्यांची खोली आवरून परतले. दार उघडलं, पिशवी ठेवली आणि सवयीनं नंबर लावला. तिकडे त्या रिकाम्या खोलीत फोन वाजत असणार, हे कळत होतं... तरी मला तो लगेच ठेववेना.