बेचाळीस मुद्दे आणि एक झाकण

माझे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते, हे मी एकदा रियाधमध्ये जेवताना बोलून गेलो आणि तिथून बंदूक माझ्यामागे लागली. बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. वडील तिथे तीसेक वर्षं होते, पण घोंगड्यांच्या गोदामात. गोळ्यांशी त्यांचा संबंध आला तो फक्त डांबराच्या. हा तपशील मी वगळला. जेवताना माणूस किती तपशील सांगणार?

समोर आमचे मुदीरसाहेब, म्हणजे मॅनेजर, बसले होते. अल सुलैमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये रिफायनरीसाठी लोखंडी टाक्या बनतात आणि मी तिथला इन्स्पेक्शन इंजिनिअर. वेल्डिंग बघायचं आणि पसंत पडलं नाही की लाल खडूने फुली मारायची, हे माझं काम. इतकी वर्षं फुल्या मारून माझा स्वभावच तसा झालाय असं बायकोचं म्हणणं आहे. मला ते अजिबात पटत नाही.

"दारूगोळा?" मुदीरसाहेबांचा घास हातातच राहिला. "मग तुला रायफली कळत असणार!"

आणि त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील बुरैद्याला राहतात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या लहानपणी घरात एक रायफल होती, इंग्रजांच्या लष्कराने मोडीत काढलेली, फिरत फिरत इकडे आलेली. ती मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, दोन लाकडी खुंट्यांवर असायची. तरुणपणी या गृहस्थांनी ती आपल्या वडिलांना न विचारता देऊन टाकली आणि बदल्यात एक खटारा पिकअप घेतली. पिकअप दोन वर्षांत बंद पडली. त्यांचे वडील रागावले नाहीत, ओरडले नाहीत, त्या विषयावर मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्या खुंट्यांवर दुसरं काही टांगू दिलं नाही. खुंट्या अजून रिकाम्याच होत्या, आणि म्हाताऱ्याला मरायच्या आधी तिथे ती रायफल परत हवी होती.

मुदीरसाहेबांनी तशी रायफल दोनदा शोधून आणली होती. दोन्ही अगदी अव्वल, सगळे भाग मूळचे, म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेल्या. वडिलांनी दोन्ही वेळा ती मांडीवर घेतली, तिचा बोल्ट एकदा मागेपुढे केला आणि म्हणाले, "ही नाही." आता बुरैद्यातल्याच एका दुकानदाराने तिसरी आहे म्हणून कळवलं होतं.

"बाबांचे गुडघे गेलेत," मुदीरसाहेब म्हणाले. "यानंतर ते बाजारात येणार नाहीत. ही शेवटची. मला कुणी फसवायला नको. तू चल."

तेव्हाच घोंगड्यांचं सांगायला हवं होतं. पण साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, सगळी मेस बघत होती आणि मला ते आवडलं होतं.

पुढचा आठवडा मी अभ्यास केला. मोडीतली लष्करी रायफल घेताना लोक काय बघतात? नळीत उजेड पाडून आतले आटे झिजलेत का बघतात. दस्त्याचं लाकूड घासून नवं केलंय का, लोखंडावर नवा काळा मुलामा चढवून जुना गंज लपवलाय का, हे बघतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे नंबर. कारखान्यात प्रत्येक मोठ्या भागावर एकच नंबर ठोकलेला असतो. सगळे जुळले तर बंदूक मूळची, नाही जुळले तर जोडकाम, किंमत निम्मी. मी या सगळ्याचे एक्सेलमध्ये बेचाळीस मुद्दे केले आणि शेवटी स्वतःच्या सहीसाठी चौकट ठेवली.

"बाबा, यू आर स्केअर्ड ऑफ द कुकर," मुलगी म्हणाली.

हे खरं आहे. शिट्टी व्हायला लागली की मी स्वयंपाकघरात जात नाही. आतल्या दाबाची मला माहिती आहे म्हणून जात नाही, पण हे घरात कुणाला समजावणार?

बायको बुरैद्याला यायला एका पायावर तयार झाली, कारण खजुराचा हंगाम होता. "तुम्ही बंदूक बघा, मी सुक्करी खजूर बघते," ती म्हणाली. "आणि अहो, दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल वाजवताना तुम्ही डोळे मिटून घेता, ते तिथे नका करू."

बुरैद्यात आधी खजुरांचा बाजार झाला. बायकोने चार पेट्या घेतल्या आणि तोवर मुदीरसाहेब घरून वडिलांना घेऊन आले. म्हातारा बारीक, ताठ, हातात काठी. डोळ्यांना कमी दिसायचं, पण बायकोने पुढे केलेला खजूर बोटांनी चाचपून तो म्हणाला, "बिन्ती, पेटी चांगली निवडलीस." बिन्ती म्हणजे माझी मुलगी. माझ्याकडे बघून त्याने फक्त मान हलवली. बहुधा माझा हँडग्लोव्हजचा डबा त्याला दिसला असावा.

दुकान जुन्या वस्तूंचं होतं. कॉफीच्या पितळी किटल्या, कंदील, उंटाची खोगिरं. दुकानदाराने आधी मुदीरसाहेबांचा परवाना नीट वाचला, स्वतःचाही दाखवला, मग आतून लाल मखमलीत गुंडाळलेली रायफल आणली आणि बोल्ट काढून बाजूला ठेवला. बोल्ट म्हणजे मागून आत सरकणारा मुठीचा पोलादी दांडा; तो काढला की बंदूक नुसती नळी उरते. तरीही मी ती लगेच हातात घेतली नाही. इकाम्यावर, म्हणजे परदेशी माणसाच्या निवास परवान्यावर, राहणाऱ्याने बंदूक हातात धरलीय असा फोटो कुणी काढला तर काय, हा मुद्दा माझ्या बेचाळीसमध्ये नव्हता.

मी हँडग्लोव्हज चढवले, कपाळावर बॅटरी बांधली आणि नळीत डोळा लावला. मिट्ट काळोख.

"सिव्हिअर करोजन," मी गंभीरपणे म्हणालो. "आतून पूर्ण बंद आहे."

दुकानदाराने दुसऱ्या टोकाला चिमटा घातला आणि नळीतून तेलाचा बोळा उपसून काढला. धूळ जाऊ नये म्हणून घातलेला. मी परत डोळा लावला. आटे छान गोल गोल फिरत गेले होते. बायको किटल्यांच्या कपाटाकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

त्यानंतर मात्र मी कुणाला बोलू दिलं नाही. दस्ता ठोकून पाहिला, हुंगून पाहिला, लोखंडावर भिंग फिरवलं. खाचेत थोडा गंज सापडला तेव्हा मला फार बरं वाटलं. मुख्य सांगाड्यावर नंबर, नळीवर नंबर, दोन्ही जुळत होते, शेवटी सत्तेचाळीस. मुद्दा अठ्ठावीस, बरोबर. शेवटी मी जाहीर केलं, "बेचाळीसपैकी चौतीस. घ्यायला हरकत नाही."

मुदीरसाहेबांचा चेहरा उजळला. दुकानदार म्हणाला, "सगळं मूळचं, सगळे नंबर एक!" आणि त्याने जी किंमत सांगितली ती ऐकून मी माझे हँडग्लोव्हज काढले.

"आणि झाकणाचा नंबर?" बायकोने विचारलं. तिच्या एका हातात किटली होती आणि दुसऱ्या हातात मखमलीवरून उचललेला बोल्ट.

इथे बायकोबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानातच त्यावर टिंबाटिंबांनी नाव घालून घेतात. रियाधमध्ये गणपतीला कुणाच्या तरी घरी पन्नास माणसं जमतात, प्रत्येकीचं पातेलं, प्रत्येकीचा डबा, आणि रात्री सगळं एका मोरीत घासलं जातं. कुठलं झाकण कुणाचं यावरून तिथे चांगल्या शिकलेल्या बायका एकमेकींशी अबोला धरतात. हा तंटा सोडवायला माझ्या बायकोला बोलावतात. ती झाकण उजेडात तिरपं धरते, अंगठा फिरवते आणि झिजून गेलेलं नाव वाचते. आजवर तिची चूक झालेली नाही.

तिने बोल्ट तसाच खिडकीपाशी तिरपा धरला, मुठीच्या मागे अंगठा फिरवला. "शेवटी एकोणीस आहे," ती म्हणाली. "हे झाकण या डब्याचं नाही हो."

मी भिंग घेऊन धावलो. एकोणीस होता. सगळ्यात महत्त्वाचा नंबर मी बघितलाच नव्हता, कारण बोल्ट बाजूला ठेवलेला होता आणि माझ्या यादीत 'बाजूला ठेवलेल्या वस्तू' असा मुद्दा नव्हता. मला इतका राग आला की तो सगळा मी दुकानदारावर काढला. हे जोडकाम आहे, किंमत निम्मीसुद्धा नाही, मूळचं म्हणून विकता, लाज वाटत नाही? इंग्रजी, हिंदी आणि मोडकी अरबी, सगळं वापरलं. दुकानदार घामाघूम झाला आणि आपण होऊन निम्म्यावर आला. पण मी ऐकतोय कसला! खिशात लाल खडू असता तर मी मखमलीवर फुली मारली असती.

मुदीरसाहेब खाली बसले. "खलास, यबा," ते वडिलांना म्हणाले. "हीसुद्धा नाही. माफ करा." ते माझ्याशी कधीच अशा आवाजात बोलले नव्हते. मला वाईट वाटलं, खरोखर वाटलं. त्या दोन खुंट्या मी अजून पाहिल्याही नव्हत्या, आणि त्या मीच रिकाम्या ठेवल्यासारखं वाटायला लागलं.

म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवली. "इकडे आण."

बायकोने रायफल त्याच्या मांडीवर ठेवली आणि बोल्ट हातात दिला. त्याने न बघता तो आत सरकवला. शेवटच्या बोटभर जागेत तो अडला. माझा मुद्दा सतरा: बोल्ट अडल्यास नापास. मी तोंड उघडणार, एवढ्यात म्हाताऱ्याने तळहाताने त्याला एक थाप मारली आणि त्याच दमात एक सणसणीत शिवी हासडली. बोल्ट खटकन बसला. दुकानदार दचकून मागे सरला, शिवी त्यालाच होती असं समजून.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"ते मी तुमच्यासमोर सांगू शकत नाही," मुदीरसाहेब म्हणाले. तेही गोंधळले होते.

म्हातारा रडत होता आणि हसत होता. मग हळूहळू उलगडा झाला. त्याच्या वडिलांनी आणि काकांनी अशा दोन रायफली जोडीने घेतल्या होत्या. एकदा शिकारीहून आल्यावर दोघांनी त्या एकाच चादरीवर पुसायला घेतल्या आणि गप्पांच्या नादात याचा बोल्ट त्यात गेला. दुसऱ्या दिवशी काका कामासाठी दूर जिझानला निघून गेले ते परत आलेच नाहीत, तिकडेच वारले. वडिलांनी बोल्ट कधी बदलून घेतला नाही. तो अडायचा. दर वेळी ते एक थाप मारायचे आणि भावाला तीच शिवी द्यायचे.

"त्या दोन रायफलींचा बोल्ट लोण्यासारखा सरकला," म्हातारा म्हणाला. "तेव्हाच कळलं."

"यबा, मग मला आधी का नाही सांगितलंत?" मुदीरसाहेब जवळजवळ ओरडले.

"तू फोनवर मोठ्याने बोलतोस. साऱ्या बाजाराला कळलं असतं आणि प्रत्येकाने मला न जुळणारा बोल्ट घालून दिला असता."

हे दुकानदारानेही ऐकलं. त्याच्या डोळ्यांत पुन्हा पहिली किंमत चमकली. मुदीरसाहेबांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे वळून अगदी वर्कशॉपच्या आवाजात म्हणाले, "मुहंदिस, यल्ला! दोष पुन्हा सांग. सगळे." मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. तर या मुहंदिसने म्हातारा रायफल छातीशी धरून बसलेला असताना खाचेतल्या गंजापासून अडणाऱ्या बोल्टपर्यंत एकेक दोष मोठ्याने वाचून दाखवला. दुकानदार निम्म्यावर राहिला आणि बायकोच्या किटलीचे पैसेही त्याने घेतले नाहीत.

गाडीत म्हाताऱ्याने पहिल्यांदाच मला काही विचारलं. वडील कारखान्यात काय बनवायचे? साहेब गाडी चालवत होते, त्यांचे कान माझ्याकडेच होते. मी सांगून टाकलं. घोंगड्या. आणि बनवायचे नाहीत, मोजायचे.

म्हातारा म्हणाला, "बुरैद्यात थंडी फार असते. चांगली नोकरी." मुदीरसाहेब मात्र पुढचे दोन सिग्नल माझ्याशी बोलले नाहीत.

ही तीच रायफल होती का, हे मी इंजिनिअर म्हणून सांगू शकत नाही. न जुळणारा कुठलाही बोल्ट अडू शकतो. मी हे बायकोच्या कानात पुटपुटलो तेव्हा तिने मला जोरात चिमटा काढला.

मजलिसमध्ये खुंट्या होत्या. काळ्या, गुळगुळीत, आणि त्यांच्यामधली भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ, कारण तिथे कुणी कधी टेकलंसुद्धा नव्हतं. मुदीरसाहेबांनी धरून दिलं आणि म्हाताऱ्याने रायफल स्वतः वर ठेवली. मग एक पाऊल मागे आला, मान वर केली आणि भिंतीला म्हणाला, "यबा, आणली. आता बोल."

माझ्या हातातली कॉफी निवत गेली. म्हातारा वाट बघत उभा होता, वडिलांसमोर उभं राहतात तसा, हात पुढे बांधून.

मग तो पुढे झाला, बोल्टवर तळहाताची एक थाप मारली आणि कुणा दुसऱ्याच माणसाच्या जाड, घोगऱ्या आवाजात तीच शिवी दिली.

बायकोने या वेळी अर्थ विचारला नाही. तिने ओढणीने डोळे पुसले आणि म्हाताऱ्याला खजुराची पेटी उघडून दिली.