आईच्या सुताची गोधडी

मंडळी, काल लोणावळ्याच्या बाजारातून गोधडीला ठिगळ लावायला दोरा आणला. आज घर आवरून टाके घालायला बसले, तर मेला सारखा तुटायला लागला! वैतागून टकळी काढली, सूत कातलं आणि तीन पदर पिळून दोरा केला. नव्वदीतही बोटं विसरलेली नाहीत.

ही गोधडी माझ्या आईची. बेचाळीसच्या सुमारास आम्ही वलवणला राहायचो. वडील रेल्वेत फिटर, वरचा साहेब इंग्रज. रविवारी धुणं-सारवण उरकून आई चरखा घेऊन बसली, की ते धास्तावायचे.

"तुज्या खादीपायी माजी नोकरी जाईल."

आई म्हणाली, "अंगावर न्हाई घालत. अंगाखाली घालू."

आणि तिनं जुनी लुगडी घेऊन त्याच सुतानं गोधडी शिवली. वडील मुकाट्यानं त्या गोधडीवर निजायचे.

स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी त्यांनीच ती गोधडी ओट्यावर अंथरली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून सांगत बसले, "सूत आमच्या हिनं कातलंय!"

आज ठिगळ लावून मीही ती ओट्यावर अंथरून बसलेय. अजून कुणी विचारलं नाही. तुम्ही तरी विचारा ना, सूत कुणी कातलंय?