जमिनीखालची तार

माझ्या चुलत दिराने मेलेली कोंबडी अंगणात भिरकावली, तेव्हा मी भांडी घासत होते. कोंबडीची मान तुटून लोंबत होती, धुतलेल्या पातेल्यांवर रक्त उडालं. दीर समोरच राहतो. त्याच्या आणि आमच्या अंगणांमध्ये फक्त एक पायवाट. हातात कोयता घेऊन तो म्हणाला, "वयनी, पुन्हा तुमच्या कुत्र्यानं माझ्या खुराड्यात तोंड घातलं ना, तर त्याचे दोन तुकडे करीन. मंग मला बोलायचं नाय."

आमचा कुत्रा ओटीवर बसून तोंड चाटत होता. निर्लज्ज मेला! मला त्याचा राग आला, पण दिराचा जास्त आला. दीर नुसता बोलणाऱ्यातला नाही. अंगावर आलेला स्वतःचा बैल त्याने पहारीने लोळवलेला मी पाहिला आहे.

त्या दिवसापासून कुत्र्याला जगवायचं कसं, हेच माझ्या डोक्यात होतं. साखळीला बांधला तर त्याने हिसके देऊन मान सोलून घेतली, जखमेवर माश्या बसू लागल्या. कुंपण घाला, असं शहरातलं कुणीही सांगेल. पण आमच्या खालापूरच्या या भागात भात कापून झालं की शिवाराला मालक उरत नाही. गुरं मोकळी सुटतात, माणसं कुणाच्याही दारातून वाट काढतात, आणि वाट अडवली की डोकी फुटतात. सासऱ्यांनी एकदा काटेरी तार ओढली होती. भावकीने ती उपटली आणि त्यांनाच तिच्यात गुंडाळून लोळवलं. त्यांच्या पाठीवरचे वण मरेपर्यंत गेले नाहीत.

नेरळकडच्या एका फार्महाउसवर मी शनिवार-रविवार स्वयंपाकाला जाते. तिथला दांडगा कुत्रा हिरवळीवर मोकळा हुंदडायचा, पण फाटक सताड उघडं असलं तरी बाहेर पाऊल टाकायचा नाही. मालकीणबाईंनी सांगितलं, जमिनीखाली तार आहे. कुत्रा जवळ गेला की गळ्यातला पट्टा आधी वाजतो, आणि तरी पुढे गेला तर झटका देतो. ना भिंत, ना साखळी. मी तिथेच ठरवलं, हेच घ्यायचं.

कर्जतच्या दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक मोबाइलवर चालणारा. पण डोंगराच्या कुशीतल्या आमच्या घरात साधा फोन लागत नाही. दुसरा तारेचा. तोच घेतला. झटका किती बसतो, म्हणून मी पट्टा मनगटाला लावून पाहिला. हात असा उसळला की कोपर खांबावर आपटलं. तोंडातून शिवी गेली. पण कोयत्यापेक्षा हे बरं, असं म्हणून मी मन घट्ट केलं.

नवरा साजगावच्या कारखान्यात तारांचंच काम करतो. सुट्टीच्या दिवशी त्याने घराभोवती, पायवाटेच्या अलीकडून, वीतभर खोल तार पुरली आणि तिला वीज देणारा डबा घरातल्या भिंतीवर बसवला. कुत्र्याला हद्द दिसावी म्हणून माझ्या जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या काठ्यांना बांधून रोवल्या. शिकवताना आसपास कुणी नको, असं दुकानदाराने बजावलं होतं. पण आमच्याकडे कुणाकडे नवी शेगडी आली तरी आळी जमते. सगळी भावकी पायवाटेवर उभी राहिली, मोबाइल काढून. "ये रं, ये!" म्हणून बोलवायचे. बिचारा शेपूट हलवत धावायचा, झटका बसून केकाटायचा, गोल गोल फिरत स्वतःचीच मान ओरबाडायचा, आणि हे हसायचे. मी ओरडले, "तुमच्या गळ्यात घालू का हा पट्टा?" त्यावर आणखी हसले.

कुत्रा शिकला. चिंध्या काढल्या तरी तार ओलांडेना. कोंबड्या वाचल्या, दीर गप्प झाला. पण झटका जमिनीतून येतो हे त्याला कसं कळावं? त्याने तो माणसांच्या नावावर मांडला. पायवाटेने कुणीही गेलं की त्याच्या पाठीवरचे केस उभे राहायचे.

दिराची म्हातारी आई त्याला रोज भाकरीचा तुकडा द्यायची. भांडणातही तिने कुत्र्याचीच बाजू घेतली होती. त्या दिवशी सकाळी तिने पायवाटेवरून हाक मारली. तो आला नाही, तारेआड उभा राहून दात दाखवत होता. "रुसला काय रं माझा राजा?" म्हणत भाकरी पुढे करून ती आत आली. त्याने भाकरी घेतली नाही, हात धरला. मी धावत पोचेपर्यंत मनगटाची कातडी लोंबत होती. मी लाथा घातल्या तेव्हा त्याने सोडला.

दीर कोयता घेऊनच आला. मी आडवी गेले, तर त्याने मला तुळशीवर ढकललं. पहिला घाव कुत्र्याच्या पाठीवर बसला. किंचाळत तो मागच्या बाजूला शेतांकडे पळाला. कापणी झालेली, डोंगरापर्यंत सगळं उघडं पडलेलं. म्हातारी हाताला पदर गुंडाळून ओरडत होती, "मारू नको रं त्याला!" मी घरात धावले, भिंतीवरच्या डब्याचं बटण बंद केलं आणि मागच्या दारातून ओरडले, "पळ! पळ रं!"

तार मेली होती. पण त्याला ते कुठून ठाऊक? तारेपाशी येऊन तो थांबला. मान आखडून, थरथरत, समोरच्या मोकळ्या रानाकडे बघत उभा राहिला. मी ओरडतच होते. मग तो वळला आणि कोयत्याकडे परत आला.