चार माणसांचं टेबल

भरीव लाकूड चांगलं की विनिअर, असं मला आजही कुणी विचारलं तर माझं डोकं फिरतं. विचारणाऱ्याचा दोष नसतो. नवीन घर बांधलेलं असतं, जेवणाचं टेबल करायचं असतं, आणि आमचं टेबल घरीच केलेलं आहे हे त्याने ऐकलेलं असतं. तो त्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, वा, अस्सल लाकूड. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून जाते.

आमचं गाव केजपासून जीपने अर्ध्या तासावर. त्या दुष्काळात विहिरीने तळ दाखवला आणि तिच्या काठचा आंबा उभाच्या उभा वाळला. रानात उसाचं कांडं नव्हतं, म्हणून सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. माझा नवरा तिथे फिटर होता. तो घरी बसला, आणि हाताला चाळा हवा म्हणून त्याने ठरवलं की आंबा कापून जेवणाचं टेबल करायचं.

मी हरखले. मी गावातल्याच शाळेत शिकवत होते. पहाटे टँकरच्या रांगेत घागरी लावायच्या, मग शाळा, मग पुन्हा चूल. घरातले पुरुष आधी जेवायचे, आम्ही मागून. एरवी त्याचं मी फारसं मनाला लावून घेत नसे, पण दुष्काळात मागून जेवायचं म्हणजे कालवणाचं रिकामं पातेलं निपटून खायचं. भाकरी असायची, तिला लावायला काही उरायचं नाही. माझी दहा वर्षांची मुलगीही आमच्यातच, म्हणजे मागच्या पंगतीत. टेबल आलं की सगळे एकदम बसतील आणि तिच्या ताटात गरम कालवण पडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आंबा पाडला तर खोड आतून पोकळ निघालं. वखारीत चिरून आणल्यावर धड फळ्या निघाल्या त्या मोजक्याच. सल्ला द्यायला नवऱ्याने केजहून एका मिस्त्रींना आणलं. जुने, कसबी कारागीर. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी फळ्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या, मापं घेतली आणि विचारलं, "घरात मानसं किती?"

"चार," नवरा म्हणाला.

मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं, बोलण्याच्या नादात चुकला. मी तिथूनच ओरडले, "सात! अहो, सात जण हाओत आपण!"

तो हसला. "आगं, मानसं ईचारायलेत ते."

तेव्हा कुठे मला त्याची मोजणी कळली. सासरे, तो, धाकटा दीर आणि आमचा मुलगा. मुलगा पहिलीत होता, त्याला अजून चड्डीची नाडी बांधता येत नव्हती. पण तो माणूस. मी, माझ्या सासूबाई आणि त्या नाडीवाल्यापेक्षा चार वर्षांनी मोठी त्याची बहीण, आम्ही कोण ते कुणी सांगितलं नाही. कणीक मळत होते, ती मी परातीत अशी आपटली की आत्याबाई दचकल्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे.

चाचा शहाणे होते. त्यांनी आतून आलेला सातचा आकडा ऐकला होता. ते म्हणाले, "आसं करू. पाय आन् चौकट आंब्याची ठेवू. वर पुरा प्लायवूडचा तक्ता टाकू आन् त्याच्यावर सागाचं विनिअर चिटकवू. आठ जन बसतेल. आन् आंब्याला कीड लई लवकर लागती, वरचा तक्ता तरी वाचंल."

विनिअर म्हणजे सागाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. नवऱ्याला ते ऐकूनच झोंबलं. "न्हाई चाचा. वरून साग आन् आत भलतंच? आपल्या घरात खोटं न्हाई चालत."

सासरे दारापुढच्या ओट्यावरून म्हणाले, "करायचं तर आस्सल करा. आल्यागेल्याला दाखवता आलं पायजे."

खोटं चालत नाही म्हणे! याच घरात आत्याबाई साखर कारखान्याच्या सभासद होत्या. जमीन त्यांच्या नावावर, म्हणून सभासदही त्याच. वार्षिक सभेची नोटीस त्यांच्या नावाने यायची, आणि सासरे ती घडी करून खिशात घालून सभेला जायचे. कुठल्याही कागदावर आत्याबाईंचा अंगठा लागला तर तो चुलीपुढेच घेतला जायचा, बोटांचं पीठ पदराला पुसून. कारखान्याचं फाटकसुद्धा त्या बाईने पाहिलेलं नव्हतं. हा पापुद्रा या घराला वर्षानुवर्षं चालला होता, आणि सातजणांना पुरणारा एक तक्ता मात्र खोटा ठरला.

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले आणि हे सगळं चाचांसमोर बोलले. आवाज चढवून बोलले. सासरे उठून रानाकडे गेले. चाचांनी टेप गुंडाळला आणि नमाजाची वेळ झाली म्हणत पायताणं शोधू लागले. वेळ झालेली नव्हती. नवरा एवढंच म्हणाला, "परक्याम्होरं आब्रू घालवलीस."

टेबल भरीव आंब्याचंच झालं. चार खुर्च्याही त्याच लाकडाच्या. काम सुरेख झालं होतं, आणि हे कबूल करताना मला अजूनही राग येतो. पहिल्या दिवशी चार माणसं बसली, मी वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, मुलीचं आणि माझं ताट वाढून घेतलं आणि दोघी खुर्च्यांवर जाऊन बसलो. सासरे आले, क्षणभर उभे राहिले आणि ताट घेऊन ओट्यावर गेले. दीर त्यांच्या मागोमाग. नवऱ्याने मान खाली घालून जेवण उरकलं. बोलल्या त्या आत्याबाई. "लाज न्हाई व्हय गं? म्हातारं मानूस भाईर जेवायलंय आन् तू खुर्चीवर?"

"तुमचं तुमी बघा, आत्याबाई," मी म्हणाले. तेव्हा मला ते फार धीट उत्तर वाटलं.

सासरे त्यानंतर ओट्यावरच जेवत राहिले. दीर कामासाठी पुण्याला गेला. टेबलावर आम्ही चौघं उरलो, नवरा, मी आणि दोन्ही मुलं. पुढे पाऊस झाला, कारखान्याचं धुराडं पुन्हा सुरू झालं, भांडणही विझलं. नवरा कौतुकाने म्हणायचा, बघ, कसं बरोबर पुरलं. शाळेतल्या बायकांना मी माझ्या लढाईची गोष्ट रंगवून सांगायचे. त्याही टाळ्या द्यायच्या.

गोष्टीत एक सांगायचं मी टाळत असे. आत्याबाई आधी ओट्यावर सासऱ्यांना वाढायच्या. मग तव्यावरची एकेक गरम भाकरी टेबलापर्यंत आणून आमच्या ताटात टाकायच्या. कालवण संपत आलंय का, हे मी पाहत नसे. सगळ्यांचं झालं की त्या एकट्या चुलीपाशी बसायच्या, आणि गुडघे धरलेले असल्याने बसताना भिंतीचा आधार घ्यायच्या. मला ते खुर्चीवरून समोरच दिसायचं.

मुलीने एकदा विचारलं, "आई, आजी इथं का बसत न्हाई?"

"तिला खालीच बरं वाटतं," मी म्हणाले.

आत्याबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. नवऱ्यावरचा राग मी भांडून काढला, सासऱ्यांवरचा अबोला धरून. पण विनिअरची असो की पत्र्याची, आत्याबाईंसाठी पाचवी खुर्ची करा, एवढं एक वाक्य मी त्या घरात कधीच बोलले नाही.