उलट्या कोपऱ्याने झिजलेला मार्कर

पहिल्याच सन्मानपत्रावर अक्षर बिघडलं. कडा केसाळ उमटल्या. मी मार्कर उजेडात धरला आणि माझं डोकंच फिरलं. काल संध्याकाळी हे टोक नवंकोरं होतं.

नवा रायपूरच्या कोऱ्या इमारतीत एका खात्याचा सत्कार समारंभ होता, दुपारीच. सन्मानपत्रांवर नावं घालायचं काम माझं. अक्षरं काढूनच मी पोट भरतो. त्यासाठी चपट्या टोकाचा मार्कर लागतो. टोक पटाशीसारखं असतं, एकाच कोनात धरून हात फिरवला की जाड-बारीक रेषा आपोआप येतात. दाबायचं मात्र नाही. दाबलं की टोक चेपतं आणि मार्कर कामातून जातो.

रात्री मार्कर ऑफिसच्या कपाटात होते. किल्ली सुनंदाताईंकडे. ताई तिथे कंत्राटावर क्लार्क, आमच्याच मोहल्ल्यातल्या. मी यायच्या आधी ही नावं त्याच घालायच्या, बॉलपेनने. झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली.

टोक पुन्हा नीट पाहिलं. देवनागरीसाठी मार्करची धार एका बाजूला कलती धरतात, म्हणून माझे मार्कर नेहमी एकाच कोपऱ्याने झिजतात. हा उलट्या कोपऱ्याने झिजला होता. आणि ताई डावखुऱ्या. मला आणखी काय पुरावा हवा होता?

तरातरा ताईंच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दार सताड उघडंच होतं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला.

"चाबी तो उन्हीं के पास रहती है," ते म्हणाले. "वैसे भी उनका कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होना है. देखते हैं."

ताईंना बोलावलं. "मैंने हाथ नहीं लगाया, सर," एवढंच त्या बोलल्या. आम्ही बाहेर आलो, दार ओढलं, आणि मी जागीच थांबलो.

दारावर टेपने कागद चिकटवला होता. साहेबांचं नाव, इंग्रजीत, जाड काळ्या अक्षरांत. कडा केसाळ. इंग्रजीसाठी धार उलटी कलती धरतात.

"काल किल्ली त्यायनंच मागून नेली होती, काका," ताई हळूच म्हणाल्या.

"मग आत काहून नाही सांगितलं?"

"कसं सांगू? मले त्यायचीच सही पाहिजे. नोकरी गेली तर घर कशावर चालवू?"

मला स्वतःचाच राग आला. ताईंना घेऊन परत आत गेलो.

"साहब, नेमप्लेट में मार्कर बहुत दबाया आपने."

साहेब पुटपुटले, "सबकी नेमप्लेट आ गई, मेरी ही नहीं आई."

"तो दीदी को बोल दीजिए कि गलती उनकी नहीं. सन्मानपत्रों पर नाम मैं उसके बाद ही लिखूँगा."

दोन वाजता पाहुणे येणार होते. साहेबांनी टेबलाकडे बघत ताईंना सांगितलं, गलती आपकी नहीं थी. रिन्यूअलच्या कागदावर सहीही मी तिथेच उभं राहून करून घेतली.

मग चिमट्याने मार्करचं टोक उपसलं आणि उलटं करून बसवलं. आत दडलेलं दुसरं टोक कोरंच असतं. सगळी नावं वेळेत झाली.

मार्कर आता मी रोज घरी नेतो. संशय घ्यायची सवय काही गेलेली नाही. फक्त आता सुरुवात मोठ्या केबिनपासून करतो.