मामांच्या ॲम्पची घूंघूं

गिटार वाजवणाऱ्या माणसांबद्दल मला काडीचाही आदर नाही, आणि मी स्वतः वीस वर्षं गिटार वाजवत आलोय. ही जमात वाजवते कमी आणि सामानाबद्दल बोलते जास्त. आमच्या शहरात अशी दहा-पंधरा मंडळी होती, ती रविवारी सकाळी सिडकोतल्या एका टपरीवर जमायची. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, जायकवाडीचा तळ उघडा पडलेला, घरची माणसं रिकामी पिंपं दारात मांडून टँकरची वाट बघतायत, आणि हे इकडे चहा पीत कुठल्या पेडलचा आवाज 'उबदार' आहे यावर भांडतायत. मे महिन्यात उबदार! मी त्यांच्यातच होतो आणि माझा आवाज सगळ्यांच्या वर असायचा.

आमचा चार जणांचा ग्रुप होता. लग्नाच्या रिसेप्शनला वाजवायचो. म्हणजे लोक पनीरच्या रांगेत उभे असताना मागे जो आवाज चालू असतो, तो आम्ही. त्या दिवसांत बायपासला, पडेगावकडे, जालना रोडला लॉन्सची नुसती लागण झाली होती. काल जिथं तूर उभी होती तिथं आज कमान, कारंजं आणि हिरवं गवत. माणसांना प्यायला टँकर आणि गवताला पण टँकर, आणि गवताचा टँकर वेळेवर यायचा, कारण गवताचे फोटो निघायचे.

आमचा गायक माझा कॉलेजपासूनचा मित्र. देवगाव रंगारीकडचा, घरची बऱ्यापैकी शेती, पण हा शहरात येऊन प्लॉट विकायचा. पडेगावच्या पुढं उघड्या माळावर चुन्याच्या चार रेघा मारायच्या आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, इथं गार्डन, इथं क्लबहाऊस, इथं देऊळ. पाण्याचं विचारलं की तो आकाशाकडं बोट दाखवायचा. गाणंही त्याच पद्धतीनं म्हणायचा. सुरात नसला तरी आत्मविश्वासात कधी कमी पडला नाही.

पाचवे आमचे मामा. माझे सख्खे मामा, टेलिफोनच्या कचेरीतून रिटायर झालेले. माझा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, त्यांनी हातानं बनवला होता. जुन्या रेडिओंमधले व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर जमवून, सहा महिने खपून. पेटी सुताराकडून करून घेतलेली आणि तिच्यावर स्कूटरच्या सीटचं रेक्झिन. दिसायला ती लोखंडी ट्रंकेची थोरली बहीण होती आणि उचलायला दोन माणसं लागायची. पण आवाज गोड होता. हे मी आज म्हणतोय. तेव्हा टपरीवर मी त्याला 'आमच्या मामांचं खोकं' म्हणायचो, म्हणजे लोक हसायचे.

मामी गेल्यापासून मामा प्रत्येक कार्यक्रमाला यायला लागले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात टेस्टर, हातात घडीचं स्टूल. ॲम्पच्या मागे स्टूल टाकून बसायचे. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी पेटीवर तळहात ठेवून बघायचे, पुरेशी तापली की मला मान हलवून खूण करायचे, मग मी सूर लावायचा. दोन-तीनशे माणसांत त्यांचं काम कुणाला कळायचं नाही. वाढपी त्यांना मुलीकडचे कुणी समजून आग्रहानं जिलबी वाढायचे. मामा एका शनिवारच्या कार्यक्रमापासून पुढच्या शनिवारपर्यंत जगायचे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी ॲम्प घूंघूं करायला लागला. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ती घूंघूं अख्ख्या लॉनभर ऐकू यायची. गवतावर अनवाणी उभं राहून तारांना हात लावला तर बोटांना झिणझिण्या यायच्या. मामांनी आतल्या तारा तपासल्या, एक-दोन भाग बदलले, काही फरक नाही. नवरदेवाचा एक काका स्टेजजवळ येऊन विचारून गेला, की जनरेटर इथंच ठेवलाय का.

आता टपरीवर विषय मिळाला. माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक म्हणजे पायानं दाबायचं इफेक्टचं युनिट. त्यात घूंघूं दाबायची सोय असते, आवाजाला घुमारा देता येतो, खरखरीत करता येतो. पण ते ॲम्पच्या आधी लावायचं असतं, म्हणजे ॲम्प राहिला, आणि ॲम्पबरोबर मामा राहिले. दुसरा म्हणजे मॉडेलर. त्याला ॲम्प लागतच नाही. जगातल्या पन्नास ॲम्पांची नक्कल त्याच्या पोटात असते, वायर सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला. मग स्टेजवर ना पेटी, ना स्टूल.

टपरीनं या प्रश्नाचा जो चिवडा केला तो ऐकण्यासारखा होता. एकानं मोबाईलवर कुठल्यातरी गोऱ्या माणसाचे व्हिडिओ दाखवले. दुसऱ्यानं वहीत तक्ता आखून आणला, डाव्या बाजूला गुण, उजव्या बाजूला दोष. यातल्या एकाही माणसानं दोन्हींपैकी एकही वस्तू हातात धरलेली नव्हती. गायकाला तर गिटारची ई तार कुठली आणि ए कुठली हेही सांगता आलं नसतं, पण त्याचं मत पक्कं होतं. "एकच डबा, सगळं आत," तो म्हणाला. "पेटीचं लोढणं कशाला वागवायचं? टू बीएचके असताना कुणी वाड्यात राहतं व्हय?" सगळ्या गोष्टी त्याला प्लॉटसारख्याच दिसायच्या.

मी युनिटच्या बाजूनं बोललो. फार सुंदर बोललो. हातानं केलेल्या वस्तूला एक जीव असतो, नक्कल ती नक्कल, मामांच्या कष्टांचा मान राखला पाहिजे, वगैरे. मंडळी गंभीर झाली. घरी गेलो आणि दार लावून मॉडेलरचे व्हिडिओ बघत बसलो. मला तोच हवा होता. पाठीवर लटकवून मोटरसायकलनं कुठंही जाता येईल, आणि लोकांपुढं ते स्कूटरच्या रेक्झिनचं खोकं ओढावं लागणार नाही. फक्त मामांना सांगायला काहीतरी कारण पाहिजे होतं.

ते कारण लॉनवाल्यानं दिलं. बायपासच्या एका लॉनच्या मालकानं पूर्ण लग्नसराई आम्हालाच द्यायची तयारी दाखवली, पण ती घूंघूं बंद झाली पाहिजे म्हणाला. गायक माझ्या घरी आला, पाणी प्यायला आणि सरळ मुद्द्यावर आला. "हे बघ, मामांचा मला लई आदर हाय. पण ते खोकं आता स्टेजवर नाय पाहिजे. तू सांग नायतर मी सांगतो." मी म्हणालो, मीच सांगतो.

मामा तेव्हा अंगणात कुंड्यांना भांडी विसळलेलं पाणी घालत होते. मी म्हणालो, "मामा, ॲम्पमध्ये दोष आहे. लोक तक्रार करतायत. ग्रुपचं काम जाईल." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "दोष कुठे आहे पण?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ते मला काय ठाऊक, बनवला तुम्ही. हे वाक्य मी अगदी या शब्दांत बोललो. मामांनी ओले हात पुसले. मग म्हणाले, "बरोबर आहे. जिम्मा माझा आहे. पेटी इथे आणून ठेव, मी शोधतो. सापडला की निरोप देतो."

त्यानंतर मामा रोज त्या पेटीसमोर बसले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, जरा गोंधळलेले होते. म्हणाले, घरी लावला की घूंघूं येतच नाही, एकदम स्वच्छ वाजतो. मी म्हणालो, घरी तुम्ही हळू लावत असाल, स्टेजवर लावल्यावर कळतं. ते म्हणाले, असेल तसंही.

इथं मला माझ्या नोकरीबद्दल सांगितलं पाहिजे, म्हणजे माझी लायकी नीट कळेल. मी चिकलठाण्याला एका कारखान्यात मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन होतो. माझ्या कामांतलं एक काम म्हणजे अर्थिंगचे खड्डे सांभाळणं. इमारतीच्या मागे जमिनीत खोल खड्डा असतो, त्यात तांब्याची पट्टी, भोवती मीठ आणि कोळसा. विजेची गळती त्या वाटेनं जमिनीत जिरते. पण जमीन ओली असेल तरच. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायचं असतं. मी दर सोमवारी ओतायचो. पाणीटंचाई सुरू झाल्यावर सायबांनी सांगितलं की पाणी खड्ड्यात कसलं घालतोस, तेव्हापासून मी नुसती रजिस्टरमध्ये सही करायचो. खड्डा कोरडा पडला की मशीन गुणगुणायला लागतं आणि हात लावला की झिणझिण्या येतात, हे शिकाऊ पोरांना शिकवायचो मीच.

मॉडेलर आला. टपरीवर त्याची पूजा करायची तेवढी बाकी राहिली होती. पहिल्या रिसेप्शनच्या दिवशी चार वाजता आम्ही लॉनवर आवाज तपासायला गेलो. मामांना बोलावलं नव्हतं. मी बूट काढून गवतावर उभा राहिलो, वायर मिक्सरला लावली, आवाज वर केला. घूंघूं. तीच, तेवढीच, ओळखीची. तारांना हात लावला तर बोटांना झिणझिण्या.

गायक माझ्याकडं बघत होता, मी मॉडेलरकडं. आणि मग माझ्या डोक्यात जे शिरलं त्यानं माझे कान गरम झाले. मी मुदपाकखान्याच्या मागे गेलो. अर्थिंगचा खड्डा रिकाम्या सिलिंडरच्या मागे सापडला. झाकण उचललं. आत माती भेगाळून खडखडीत झाली होती, वर गुटख्याच्या पुड्या. दहा पावलांवर लॉनच्या गवताला पाइपनं पाणी चाललं होतं. मी पाइप ओढून आणला आणि खड्ड्यात सोडला. माळी ओरडायला लागला, गवत जळेल म्हणून. मी त्याला बाजूला केलं. जमीन पाणी पीत होती आणि भरत नव्हती.

स्टेजवर परत येऊन तारांना हात लावला. शांत. गायकानं मॉडेलरवर थोपटलं आणि म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं? थोडा वेळ लागतो सेट व्हायला." बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. पुढच्या रविवारी टपरीवर निकाल लागला की मॉडेलरच श्रेष्ठ. तक्तेवाल्यानं वहीत लिहून घेतलं. मी एक अक्षर बोललो नाही. बोललो असतो तर सांगावं लागलं असतं, की इतके दिवस ज्या आवाजासाठी म्हाताऱ्याला दोष दिला तो जमिनीत होता, आणि तो ओळखायचा पगार मी घेत होतो. त्या मंडळींची मी आयुष्यभर टर उडवली, पण त्यांच्यात एकही माणूस माझ्याइतका हलका नव्हता. त्यांना निदान माहीत तरी नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक लॉनवर मी पोचल्या पोचल्या गुपचूप मागे जाऊन एक बादली ओतायचो. मामांच्या घरी घूंघूं का नव्हती तेही कळलं होतं. त्यांचा खड्डा मोरीला लागून होता. सगळं शहर सुकलं तरी माणूस दोन भांडी विसळतोच.

मामांकडं जायचं मी टाळत राहिलो. आषाढाच्या सुरुवातीला त्यांनीच बोलावलं. पेटी मधल्या खोलीत टेबलावर होती, रेक्झिन नवीन चढवलेलं. मामांनी मला खुर्चीत बसवलं, चहा ठेवला आणि पेटीचं मागचं फळकूट काढलं. टॉर्च धरून एक जागा दाखवली. तिथं दोन तारा कथिलानं जोडल्या होत्या, डाग नवीन, चकचकीत.

"सापडलं," ते म्हणाले. "सगळं उसकटून पाहिलं, सगळ्यात शेवटी हे. माझा डाग कच्चा राहिला होता. पहिल्या दिवसापासून कच्चा असणार."

त्या डागात काही दोष नव्हता. अख्ख्या पेटीत कुठंच दोष नव्हता. चार महिने शोधून जे सापडलं नाही ते या प्रामाणिक माणसानं शेवटी स्वतःच्या हातात शोधलं होतं. मला तोंड उघडायला हीच वेळ होती. मी चहा प्यायलो.

"या शनिवारी असेल ना तुमचं? मी मोकळाच आहे," मामा म्हणाले. मी म्हणालो, आता सगळं नव्या मशीनवर बसवलंय, मध्येच बदललं तर बाकीच्यांना जड जाईल. त्यांनी मान हलवली, फळकूट जागेवर ठेवलं आणि एकेक स्क्रू पिळायला लागले. शेवटचा स्क्रू झाल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या चुकीपायी चार लोकांत तुला बोलणी खावी लागली. मनात ठेवू नकोस."

"असू द्या मामा," मी म्हणालो, "होतं कधी कधी." आणि मी त्यांना माफ केलं.