कढीलिंबावरची अळी

नातीला पाळणाघरात पोचवलं, तर अंगणाला कुलूप. पाहुणे येणार म्हणून संचालकांनी सकाळीच झाडांवर कीटकनाशक मारून घेतलं होतं. एरवी मुलांना सांभाळणारी सुमनमावशी मुलं घरी गेल्यावर साबणाच्या पाण्याने कढीलिंबावरचा मावा धुते. मुलांची लाडकी हिरवी अळी तेवढी सांभाळते.

मी असतानाच पाहुणे आले, खिडकीतूनच अंगण बघत निसर्गप्रेमावर बोलले. ज्या पानावर अळी जगत नाही, त्याला मुलांनीही हात लावायचा नसतो, एवढं मात्र कुणी बोललं नाही.

ते गेल्यावर मावशीने कुलूप काढून मेलेली अळी गुपचूप कागदात गुंडाळली.

"मावशी, आपली अळी?" नातीने विचारलं.

"फुलपाखरू झालं गं तिचं. गेली उडून."

"मला न सांगता?"

मावशी मुलांशी एरवी कधी खोटं बोलत नाही. तिने कागदाची पुडी पदराआड केली.

संध्याकाळी न्यायला गेलो, तेव्हा नात खिडकीशी उभी राहून आकाशात शोधत होती.